हाताला सोसेल अशी छाटणीची कात्री कोणती घ्यावी?

मोगरावेडी | १४ ऑक्टोबर, रात्री ९.५०

मंडळी, प्रश्न साधा आहे, पण आठवडाभर डोकं खातोय. कोथरूडला आमची गच्ची, त्यावर ४२ कुंड्या. अकरा गुलाब, मोगरे, दोन जास्वंदी, कढीपत्ता, एक हट्टी लिंबू आणि बाकी किरकोळ. पाऊस ओसरल्यावर दोन दिवसांत सगळ्या गुलाबांची छाटणी उरकली. तिसऱ्या दिवशी सकाळी लाटणं हातात धरवेना. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी अशी कळ, की चहाची गाळणी झटकतानासुद्धा "आई गं" निघालं.

कात्री गेल्या वर्षी ऑनलाइन घेतलेली. जाडजूड, गुबगुबीत गुलाबी मूठ आणि फोटोखाली 'आरामदायी' असं तीनदा लिहिलेलं. हातात न धरता घेतली ही चूक कबूल. आता नवी घ्यायची आहे. काम रोज सकाळी वीस मिनिटांचं, कधी सुकलेली फुलं, कधी करंगळीएवढी फांदी. माझा हात लहान आहे (बांगडी २.४ ची लागते). वय ५४. बजेट हजारपर्यंत, फारच चांगली असेल तर ताणेन. काय बघून घ्यायची?

खोडरबर | १४ ऑक्टोबर, रात्री १०.०५

आमच्याकडे दुधाची पिशवी कापायची कात्री आहे, तीच बागेला. फक्त बायको बघत नसताना.

मोगरावेडी | १४ ऑक्टोबर, रात्री १०.११

@खोडरबर, तुमच्या गुलाबांचा फोटो टाका, मग बोलू. :)

निफाडकर | १५ ऑक्टोबर, सकाळी ६.२०

ताई, बरोबर मोसमात धागा काढलात. आमच्याकडे सध्या द्राक्षाची गोडी छाटणी (फळ धरण्यासाठीची) चालू आहे, त्यामुळे सिकेटर हा सध्या माझ्या जेवणाखाण्याचा विषय आहे. (आम्ही सिकेटरच म्हणतो. 'प्रूनर' हा शब्द मला ऑनलाइन कळला.)

जरा हिशेब बघा. नऊ बाय पाच फुटांवर लागण असेल तर एकरी साडेनऊशेच्या आसपास वेली. वेलीला तीस-पस्तीस काड्या. म्हणजे एकरात तीस हजार काप! पेठ-सुरगाण्याकडून टोळ्या येतात. त्यातल्या बाया दिवसभर हे काम करतात आणि दुसऱ्या दिवशी परत उभ्या राहतात. त्यांच्या सिकेटरला गुबगुबीत मूठ नसते. असते ती लोखंडी मूठ, वर सायकलची जुनी ट्यूब ओढलेली, कारण घामाने हात सटकू नये. आणि प्रत्येकीची कात्री ठरलेली. आमच्याकडे एक आजी आहेत, त्या बागायतदाराची नवीकोरी कात्री हातात घेऊन दोनदा हवेत मिटतात आणि परत देतात. "ही नाय माझ्या हाताची." संपलं.

त्या हवेत मिटताना काय बघतात ते मी एकदा विचारलं. म्हणाल्या, करंगळीला काम मिळतं का ते बघते. कात्री पूर्ण उघडी असताना चारही बोटांनी खालची मूठ धरता आली पाहिजे. बोटं पोचत नसतील तर सगळी ओढ पहिल्या दोन बोटांवर आणि अंगठ्याच्या बुडावर येते. तुमची कळ तिथेच आहे ना? तुमचा हात लहान, कात्री बहुतेक आठ-साडेआठ इंची असणार. मोजून सांगा. आणि एक करा, पात्याचा जवळून फोटो टाका.

मोगरावेडी | १५ ऑक्टोबर, सकाळी ११.४०

साडेआठ इंच! पूर्ण उघडली की माझी करंगळी हवेत लोंबते आणि अनामिका जेमतेम टेकते. कधी लक्षच गेलं नव्हतं.

फोटो चढत नाहीये, वर्णन करते. वरचं पातं धारदार, सरळ. खालच्या बाजूला पातं नाहीच, पितळेसारखी पिवळी सपाट पट्टी आहे आणि वरचं पातं तिच्या मधोमध येऊन टेकतं.

पानगळ | १५ ऑक्टोबर, दुपारी १२.१५

सापडला चोर. ही ऐरणवाली कात्री आहे. सुरी आणि पोळपाट अशी जोडी समजा. पातं फांदीला पट्टीवर दाबतं आणि दाबून कापतं. वाळक्या काटक्यांना ती उत्तम, कमी जोरात कटकन तुटतात. पण हिरव्या फांदीला ती आधी चेपते, मग कापते. तुम्ही गुलाबावर वापरलीत ना? आत्ता जाऊन कापलेली टोकं बघा, कडेची साल चेचलेली दिसेल.

हिरव्यासाठी बायपास प्रकार घ्यायचा. त्यात दोन पाती कातरीसारखी एकमेकांना घासून जातात, एक धारेचं, दुसरं आकड्यासारखं आणि बोथट. काप स्वच्छ येतो. धरतानाही एक बाजू असते. पातळ, धारेचं पातं झाडावर राहणाऱ्या भागाकडे आणि जाड आकडा टाकून द्यायच्या भागाकडे. आकड्याने थोडं चेपलं तरी ते कचऱ्यात जातं. मला हे माळीकाम करायला लागल्यावर सहा वर्षांनी कुणीतरी सांगितलं. सहा वर्षं उलटी धरत होतो!

मोगरावेडी | १५ ऑक्टोबर, दुपारी १२.५०

गच्चीत जाऊन आले. अकरापैकी सात गुलाबांची टोकं काळी पडून वाळत खाली चालली आहेत. मला वाटलं बुरशी.

पानगळ | १५ ऑक्टोबर, दुपारी १.०५

बुरशीही असेल, पण तिला दार तुम्ही उघडून दिलंत. नवी कात्री आली की काळ्याच्या खाली, हिरव्या निरोगी भागात परत कापा. बाहेरच्या बाजूला बघणारा डोळा (जिथून नवा फुटवा येतो ती जागा) शोधा, त्याच्या वर साधारण पाव इंचावर तिरका काप. तोवर जुनीला हात लावू नका, लिंबाच्या वाळक्या काटक्यांना ठेवा तिला.

हाडवैरी | १५ ऑक्टोबर, रात्री ८.३०

मी फिजिओथेरपिस्ट, बागकामात शून्य. पण ऑक्टोबरात माझ्याकडे 'गुलाब छाटले' म्हणून दोन-तीन काकू येतातच, म्हणून लिहितेय.

कळ आठवडाभरानेही तशीच असेल, अंगठा वाकवताना अडकत असेल किंवा सूज असेल तर आधी कुणाला तरी दाखवा, कात्री नंतर. बाकी मला दिसतं ते असं. लोक मऊ मुठीला भुलतात. मऊपणा तळहाताला टोचू देत नाही, एवढंच त्याचं काम. दुखतं ते बहुतेक तीन गोष्टींनी. मूठ हाताच्या मानाने मोठी, पातं बोथट आणि मनगट वाकडं.

चौथी गोष्ट कुणी बोलत नाही, ती म्हणजे स्प्रिंग. प्रत्येक वेळी दाबताना तुम्ही फांदीबरोबर स्प्रिंगही दाबत असता. सुकलेलं फूल कापायला काहीच जोर लागत नाही, पण स्प्रिंग कडक असेल तर दोनशे फुलांमागे दोनशे वेळा तुम्ही नुसती स्प्रिंग दाबलीत. दुकानात रिकामी कात्री वीस-पंचवीस वेळा उघडमिट करा. पाचव्यांदा काही कळत नाही, विसाव्यांदा कळतं.

आणि फांदी पात्याच्या टोकात धरू नका, पाती जोडणाऱ्या खिळ्याजवळ आत सरकवून कापा. अडकित्त्यात सुपारी टोकाला धरता का? तसंच.

डावरी | १५ ऑक्टोबर, रात्री ११.५५

लेस्टरहून लिहितेय. इथे थंडी आली की बागेत जायचं म्हणजे हातमोजे, आणि हातमोजे घातले की मूठ आणखी अर्ध्या बोटाने जाड होते. हातमोजे घालून काम करणार असाल तर दुकानात ते घालूनच बघा.

मी डावखुरी. नेहमीची कात्री डाव्या हातात धरली की पातं पलीकडे जातं, काप कुठे बसतोय ते दिसत नाही आणि कात्री मिटून ठेवायचा खटका नेमका उलट्या बाजूला. चाळीस वर्षं मला वाटायचं मीच वेंधळी. मग फेल्को कंपनीची ९ नंबरची कात्री हातात आली, ती डाव्या हातासाठीच बनवतात. फिरत्या मुठीची हवी असेल तर १० नंबर. पहिला काप घेतला आणि अक्षरशः हसू आलं. म्हणजे सगळे जण एवढ्या सहज कापत होते!

कलमबहाद्दर | १६ ऑक्टोबर, सकाळी ७.१०

फेल्कोचा विषय निघालाच आहे तर माझं मत. एकदाच घ्या, चांगली घ्या. स्विस कंपनी, १९४५ सालची. फेल्को २ ही जगभरच्या माळ्यांची कात्री, २१.५ सेंमी लांब, वजन पाव किलोच्या आत. पातं, स्प्रिंग, बोल्ट, सगळं सुटं मिळतं आणि बदलता येतं. माझी एकोणीस वर्षांची आहे, पातं तिसरं. पण मोगरावेडी, तुम्ही २ घेऊ नका. २.४ च्या बांगडीला ती मोठीच पडणार. ६ नंबर लहान हातांसाठी आहे, १९.५ सेंमी.

निफाडकर | १६ ऑक्टोबर, सकाळी ७.४०

कलमबहाद्दर, कात्री सोन्यासारखी आहे, वाद नाही. पण ताईंचं बजेट हजार आहे आणि कुंड्या ४२. लुधियानाची फाल्कन बघा ना. नावं जवळजवळ सारखी असल्याने लोक गोंधळतात, पण फेल्को वेगळी, फाल्कन वेगळी.

कलमबहाद्दर | १६ ऑक्टोबर, सकाळी ७.५२

एकोणीस वर्षांनी भाग वर्षाच्या खर्चाला. स्वस्त पडते.

निफाडकर | १६ ऑक्टोबर, सकाळी ७.५८

ती हरवेपर्यंत. :) आमच्या बागेत पालापाचोळ्यात दर हंगामाला दोन सिकेटर गडप होतात. काळ्या-हिरव्या मुठींची कात्री कुणी बनवली त्याला एकदा आमच्या बागेत शोधायला पाठवायचं आहे. म्हणून टोळीवाल्या बाया मुठीला लाल फडकं बांधतात.

पानगळ | १६ ऑक्टोबर, सकाळी ८.३०

जपानच्या हिरोशिमाकडे ओकात्सुने म्हणून कंपनी आहे, तिच्या कात्र्यांची एक मूठ लाल, एक पांढरी. त्यांचंही दुखणं तेच दिसतंय.

सड्यावरचा | १६ ऑक्टोबर, दुपारी ३.२५

रत्नागिरी. तुम्ही घाटावरचे लोक पोलादावर बोलता, आमच्याकडे खाऱ्या वाऱ्यात विळीसुद्धा रात्रीत तांबारते. म्हणून पहिली कात्री स्टेनलेसची घेतली. गंज नाही, पण धार महिन्याभरात बसली, आणि बोथट कात्री म्हणजे डॉक्टरबाई म्हणाल्या तेच. आता कार्बन स्टीलची आहे. धार टिकते, लावायलाही सोपी, पण रोज पुसावी लागते. आंब्याचा चीक पात्यावर वाळला की दुसऱ्या दिवशी कात्री उघडत नाही, मग माणूस जोर करतो आणि मनगट धरतं. काम झाल्यावर रॉकेलच्या बोळ्याने चीक काढायचा, कोरडं पुसायचं, खिळ्यात शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब. खोबरेल घालू नका. मी घातलं होतं, चिकट होऊन वर माती बसली.

खोडरबर | १६ ऑक्टोबर, सायंकाळी ६.००

धारेवरून आठवलं. मागे माझीही एक खरी बायपास कात्री होती, हसू नका. सोसायटीत चाकावर धार लावणारा येतो, त्याला दिली. त्याने सवयीने दोन्ही बाजू घासून चकचकीत करून दिल्या. दिसायला आरसा. कापायला गेलो तर फांदी दोन पात्यांच्या मधे दुमडून अडकली, कापेचना. तेव्हापासून दुधाची कात्री.

पानगळ | १६ ऑक्टोबर, सायंकाळी ६.२०

अरेरे. बायपासच्या पात्याला धार एकाच बाजूला असते, उतार असलेल्या. दुसरी बाजू सपाट, ती आकड्याला घासून जाते. सपाट बाजू घासली की मधे फट पडते. घरी लावायची तर बारीक कानस किंवा हिऱ्याची पट्टी घ्या, आहे तोच उतार धरून एका दिशेने आठ-दहा हात. मग सपाट बाजूला जी बारीक कणी येते, ती पट्टी आडवी ठेवून एकदाच हलकेच काढायची. बस. त्याचा दोष नाही, त्याला रोज सुऱ्याच मिळतात.

डाळिंबवाला_सांगोला | १६ ऑक्टोबर, रात्री ९.१५

आरामाच्या धाग्यात आमचं रडगाणं, पण सांगतोच. आमच्याकडं तेल्यानं बागा बसल्या. तेल्या जिवाणूजन्य रोग, आणि कात्रीवरून या झाडाचा त्या झाडाला जातो. म्हणून आम्ही झाड बदललं की कात्री हायपोक्लोराइटच्या (जंतू मारणाऱ्या ब्लीचच्या) पाण्यात बुडवतो, आणि छाटणी झाली की जाड कापांवर १० टक्के बोर्डो पेस्ट (मोरचूद-चुन्याचा लेप). तुमच्या गच्चीत तेल्या नसंल, पण काळ्या टोकाचा गुलाब कापून तीच कात्री चांगल्या गुलाबाला लावू नका. घरी सर्जिकल स्पिरिटचा बोळा पुरे. हायपोक्लोराइट पोलाद खातं, वापरलंच तर नंतर धुऊन पुसून तेल.

अवांतर: बुडवायचं आहे म्हणून आमच्यातले बरेच जण दोन कात्र्या ठेवतात. एक पाण्यात, एक हातात. हातालाही तेवढाच बदल.

संधिप्रकाश | १७ ऑक्टोबर, सकाळी १०.४५

आईला संधिवात. तिच्यासाठी रॅचेटवाली आणली आहे. एकदा दाबलं की पातं थोडं रुततं, मूठ सैल सोडायची, परत दाबायचं, असं तीन-चार दाबांत फांदी पडते. वेळ लागतो, तरुण माणसाला कंटाळा येईल. पण ती जास्वंद स्वतः कापते याचा तिला जो आनंद आहे! आमची ऐरणवालीच आहे, त्यामुळे नाजूक गुलाबाला आम्ही वापरत नाही.

हाडवैरी | १७ ऑक्टोबर, दुपारी १.२०

@संधिप्रकाश, अशा हातांना हेच बरं. फिरती मूठही काहींना मानवते. खालची मूठ दाबताना बोटांबरोबर वळते, त्यामुळे बोटांवर ती घासत नाही. पण सगळ्यांना नाही जमत, काहींना ती हातातून निसटतेय असं वाटतं. हात खूपच लहान असेल तर जाड वाटते.

मोगरावेडी | २२ ऑक्टोबर, रात्री ९.३०

घेतली! वृत्तांत द्यायलाच हवा.

अंगठ्याला आठवडा विश्रांती दिली, कळ गेली. मग रविवार पेठेत बोहरी आळीत गेले. पर्समध्ये जास्वंदीच्या तीन काड्या, एक कोवळी, एक पेन्सिलीएवढी, एक करंगळीएवढी. दुकानदाराने पहिली कात्री पुढे केली आणि मी पर्समधून काडी काढली. त्याचा चेहरा बघण्यासारखा होता. "कापून बघू का?" म्हटलं. "बघा की," म्हणाला, आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाला सोडून आमच्याकडेच बघत बसला.

चार कात्र्या बघितल्या. पहिलीची स्प्रिंग इतकी दणकट की बारा वेळा मिटल्यावर मी सोडून दिलं. दुसरी छान, पण खटका असा की मिटायला दुसरा हात हवा. तिसऱ्या कात्रीत कोवळी काडी कापताना साल दोऱ्यासारखी लोंबत राहिली, पात्यांत फट होती. उजेडाकडे धरून बघितलं तर चक्क पलीकडचं दिसत होतं.

चौथी घेतली. बायपास, सात इंची, कार्बन स्टील, मूठ साध्या प्लास्टिकच्या आवरणाची, कुठेही 'आरामदायी' लिहिलेलं नाही. पूर्ण उघडली तरी करंगळी टेकते. खटका अंगठ्यानेच सरकतो. करंगळीएवढी काडी आत सरकवून कापली तर आवाज आला 'टच्', आणि काप असा की काकडीची चकती. चारशे ऐंशी रुपये.

निफाडच्या आजींना सांगा, करंगळीला काम मिळालं.

आज सातही गुलाबांची टोकं परत कापली, दर कुंडीनंतर स्पिरिटचा बोळा फिरवून. अंगठ्याहून जाड दोन फांद्या होत्या, त्या नवऱ्याला आरी देऊन त्याच्यावर सोपवल्या.

कलमबहाद्दर | २२ ऑक्टोबर, रात्री ९.४५

अभिनंदन. एकोणीस वर्षांनी भेटू.

निफाडकर | २३ ऑक्टोबर, सकाळी ६.०५

आजींना वाचून दाखवलं. हसल्या, आणि म्हणाल्या, "मूठ कोणत्या रंगाची हाय?"

मोगरावेडी | २३ ऑक्टोबर, सकाळी ८.२०

हिरवी. का?

मोगरावेडी | ९ मार्च, दुपारी ४.१०

धागा वर काढतेय, लाज बाजूला ठेवून.

जानेवारीत मोगरे छाटले आणि त्या संध्याकाळपासून कात्री दिसेना. घरभर आरोप झाले. सासूबाईंना कढीपत्त्याच्या संशयावरून दोन दिवस अबोला सोसावा लागला (म्हणजे मला). मी परत त्या गुलाबी बयेवर आले, मग अंगठ्याने आठवण करून दिल्यावर तीही सोडली.

आज खताचा ड्रम उलटा केला. वरचा पाला, मधला गाळ आणि तळाशी छान काळ्याभोर मऊ खतात माझी हिरवी कात्री. पातं विटकरी रंगाचं, स्प्रिंगमध्ये एक गांडूळ वेटोळं घालून बसलेलं. त्याला आधी सन्मानाने परत खतात सोडलं. मग पान्याने खिळा सोडवला, भाग वेगळे करून पांढऱ्या व्हिनेगरमध्ये तीन तास ठेवले, भांड्याच्या तारेच्या घासणीने घासले, सोड्याच्या पाण्यात विसळून पंख्याखाली वाळवले, तेल दिलं. पात्यावर बारीक खड्डे राहिलेत, धार पानगळ यांनी सांगितली तशी उताराच्याच बाजूने लावली. जोडताना खिळा आधी फार आवळला, कात्री उघडेना. पाव फेरा सैल केला तेव्हा पाती आपोआप उघडून थांबली.

जास्वंदीची काडी कापून बघितली. 'टच्' आला.

निफाडकर | ९ मार्च, सायंकाळी ७.३०

पत्ता कळवा. आजी लाल फडकं पाठवतायत.